हौशी म्हणायचे, पण पगार भट्टीचा होता: कॅनडातल्या एका डोंगरी हॉकी लीगची गोष्ट

लॉ केलेल्या कुणालाही ‘ट्रेल स्मेल्टर’ म्हणून बघा, लगेच मान डोलावेल. पर्यावरण कायदा शिकवायला घेतला की ही केस येतेच. कॅनडातल्या ट्रेल नावाच्या गावात शिसं आणि जस्त गाळायचा प्रचंड कारखाना, त्याच्या धुरांड्यातला गंधकाचा धूर दरीतून खाली सरकत सरकत बॉर्डर ओलांडून अमेरिकेत जायचा आणि वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकऱ्यांची पिकं, झाडं जाळायचा. दोन देशांचं भांडण लवादाकडे गेलं, १९३८ आणि १९४१ मध्ये निकाल आले, आणि ‘तुझ्या घरातला धूर शेजाऱ्याच्या घरात जाता कामा नये’ हे तत्त्व देशादेशांच्या कायद्यात पक्कं बसलं. मी पण हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, दहा मार्कांची टीप म्हणून. ट्रेल हे खरंखुरं गाव आहे, तिथे माणसं राहतात, संध्याकाळी काहीतरी खेळतात वगैरे डोक्यात पण आलं नव्हतं.

मग खूप वर्षांनी कळलं की ज्या १९३८ साली लवादाचा पहिला निकाल आला त्याच साली या गावाची आइस हॉकी टीम अख्ख्या कॅनडात पहिली आली, आणि पुढच्या वर्षी थेट वर्ल्ड चॅम्पियन झाली. टीमचं नाव काय तर स्मोक ईटर्स. धूर खाणारे! एकीकडे त्याच धुरावरून आंतरराष्ट्रीय खटला चाललाय आणि दुसरीकडे पोरं तेच नाव छातीवर मिरवत युरोप फिरतायत, म्हटलं हे जरा खोलात जाऊन बघायला पाहिजे. नावाबद्दल एक किस्सा सांगतात, की एका बाहेरगावच्या मॅचमध्ये चिडलेल्या पब्लिकनं बर्फावर सामान फेकायला सुरुवात केली, त्यात एक पेटता पाइप पण आला, तर ट्रेलच्या एका प्लेयरनं तो उचलून सरळ तोंडात धरला आणि झुरके मारत खेळायला लागला, दुसऱ्या दिवशी पेपरात व्यंगचित्र आलं आणि नाव चिकटलं. किस्सा सांगून सांगून जरा फुगला असेल, पण नाव गावाला असं फिट बसलं की नंतर कुणाला बदलावंसं वाटलं नाही.

तर ही टीम ज्या लीगमध्ये खेळायची तिची ही गोष्ट. वेस्टर्न इंटरनॅशनल हॉकी लीग. नाव ऐकून काहीतरी भव्य वाटतं ना? प्रत्यक्षात ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातली, कुटनी म्हणतात त्या डोंगराळ भागातली चार-पाच गावं: ट्रेल, नेल्सन, किंबर्ली, रॉसलंड, नंतर क्रॅनब्रुक. आणि बॉर्डरपलीकडचं अमेरिकेतलं स्पोकेन, ज्याच्यामुळे नावात ‘इंटरनॅशनल’ लावता आलं. ट्रेलची वस्ती तेव्हा जेमतेम दहा-बारा हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सएवढं गाव.

आता पुढे जायच्या आधी दोन शब्द नीट समजून घेऊ, नाहीतर सगळा घोळ होतो. एक ‘सीनियर’ आणि दुसरा ‘अ‍ॅमॅच्युअर’.

सीनियर म्हणजे म्हातारे नव्हेत, प्लीज. कॅनडात हॉकीचे वयोगट असतात, अगदी चिल्ल्यापिल्ल्यांपासून, मग साधारण विशीपर्यंत ज्युनियर, आणि त्याच्यावरचे सगळे सीनियर. म्हणजे अंगापिंडानं भरलेली, कामधंद्याला लागलेली, बायकापोरं असलेली पुरुष माणसं. सीनियर हॉकी म्हणजे मोठ्या माणसांची हॉकी, एवढंच.

अ‍ॅमॅच्युअर म्हणजे हौशी, खेळायचे पैसे न घेणारा. इथेच खरी गंमत आहे आणि माझ्या मते या अख्ख्या लीगचा इतिहास याच एका शब्दात अडकलाय. कारण खेळायचे पैसे मिळत नव्हते हे कागदावर खरं, पण तुम्ही ट्रेलला जायचात कशाला? हॉकी चांगली खेळता म्हणून तुम्हाला कंपनीत नोकरी मिळायची म्हणून! आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. स्पोर्ट्स कोटा. मुंबईत ऑफिसांच्या क्रिकेट टीम होत्या, टाइम्स शील्डसाठी कंपन्या चांगले प्लेयर हेरून नोकरीला घ्यायच्या, रेल्वे-पोलीस-बँका आजही कबड्डीपटू घेतात, हजेरी लागते, पगार होतो, आणि मोसमात माणूस टेबलावर कमी आणि मैदानावर जास्त दिसतो. त्याला कुणी प्रोफेशनल म्हणत नाही. पण तो हौशी आहे का? तुम्हीच ठरवा.

कॅनडात हा प्रश्न शंभर वर्षं धुमसत होता. स्टॅनली कप आज सगळ्यात श्रीमंत प्रो लीगचा, म्हणजे एनएचएलचा कप आहे, पण लॉर्ड स्टॅनलीनं तो दिला, १८९३ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा तो हौशी टीमसाठीच होता. पंधराएक वर्षांत पैसा शिरला, प्रो टीम आल्या आणि कप त्यांच्याकडे गेला. मग हौशी लोकांनी काय जिंकायचं? म्हणून माँट्रियलच्या सर माँटेग्यू अ‍ॅलन नावाच्या, जहाजं आणि बँकांवाल्या, श्रीमंत माणसानं दुसरा कप दिला, अ‍ॅलन कप, १९०९ पासून. हा सीनियर हौशी हॉकीचा सर्वोच्च कप. आपली लीग जिंकायची, मग प्रांत जिंकायचा, मग अख्खा पश्चिम कॅनडा, आणि शेवटी पूर्वेचा विजेता विरुद्ध पश्चिमेचा विजेता अशी फायनल. रणजी ट्रॉफी जशी पूर्वी झोनवरून पुढे जायची, तसंच काहीसं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी ऑलिंपिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये प्रोफेशनलना बंदी. कॅनडाची वेगळी अशी नॅशनल टीमच नव्हती. मग देशातर्फे कोण जायचं? तर बहुतेक वेळा अ‍ॅलन कप जिंकणारा क्लब! म्हणजे विचार करा, रणजी जिंकली म्हणून अख्खी मुंबईची टीम भारताच्या नावानं वर्ल्ड कपला पाठवायची. १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला विनिपेग फाल्कन्स गेले आणि गोल्ड घेऊन आले, तिथून हा सिलसिला १९६३ पर्यंत चालला. म्हणून खाणीतलं एखादं छोटं गाव पण वर्ल्ड चॅम्पियन होऊ शकायचं. जगातल्या कुठल्या मोठ्या खेळात असं परत झालंय मला तरी माहीत नाही.

ट्रेलमधली कंपनी म्हणजे कन्सॉलिडेटेड मायनिंग अँड स्मेल्टिंग, लोक तिला कोमिन्को म्हणायचे, पुढे अधिकृत नाव पण तेच झालं. भट्टी १८९६ ची, एफ. ऑगस्टस हाइन्झ नावाच्या अमेरिकन माणसानं रॉसलंडच्या सोन्या-तांब्याच्या खाणींसाठी उभी केलेली. पुढे किंबर्लीची सलिव्हन खाण सापडल्यावर, म्हणजे तिथलं शिसं-जस्ताचं खनिज नीट वेगळं करायची युक्ती सापडल्यावर, चक्र सुरू झालं: किंबर्लीत खणायचं, रेल्वेनं ट्रेलला आणायचं, तिथे गाळायचं. दोन्ही गावं एकाच कंपनीची. आणि दोन्ही गावांच्या टीम एकमेकींच्या कट्टर दुश्मन, हे ओघानं आलंच. किंबर्लीच्या टीमचं नाव डायनामायटर्स. खाणीत सुरुंग लावणारे. एक गाव फोडणार, दुसरं गाव धूर खाणार, नावं ठेवण्यात हे लोक एकदम प्रामाणिक होते.

कंपनीला हॉकीत एवढा रस का? हे नुसतं खेळप्रेम नव्हतं. १९१७ साली ट्रेलमध्ये मोठा संप झाला होता, आठ तासांच्या दिवसावरून, जिंजर गुडविन नावाच्या कामगार पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली. पुढच्या वर्षी गुडविनला पोलिसाच्या गोळीनं जंगलात मारलं. (हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे, आत्ता तिकडे जात नाही.) त्यानंतर कंपनीनं धोरण बदललं: कामगारांना घरांसाठी मदत, सवलती, खेळ, आणि बाहेरच्या युनियनच्या जागी कंपनीच्याच कह्यातली कमिटी. बरोबर ओळखलंत, गोंजारून गप्प ठेवायची पद्धत. पण नुसतं तेवढंच म्हणणं पण अर्धवट आहे. इतक्या आडबाजूला, हिवाळ्यात बर्फानं कोंडलेल्या दरीत, नाकात गंधकाचा वास घेत तरुण माणसं टिकवायची तर संध्याकाळी त्यांना काहीतरी पाहिजे. गावात इटालियन वस्ती मोठी, म्हणून टीमच्या यादीत स्कोडेलारो, लेनार्डन, टँबेलिनी, क्रिस्टोफोली अशी आडनावं दिसतात. भट्टीवर काम करणाऱ्या बापांची ही पोरं.

आणि मोसमातल्या एका साध्या आठवड्याचं चित्र डोळ्यासमोर आणा. दिवसभर शिफ्ट. भट्टीच्या खात्यात नाहीतर वर्कशॉपमध्ये. घरी येऊन पोटभर जेवायचं, बॅग उचलायची, रिंकवर जायचं. शनिवारी किंबर्लीला मॅच. आज नकाशावर बघितलं तर ट्रेल ते किंबर्ली सरळ रस्ता दिसतो, पण तो डोंगरावरचा कुटनी पासचा रस्ता झालाच १९६० च्या दशकात. त्याच्या आधी काय, तर नेल्सनवरून वळसा, मग कुटनी लेकवर फेरीबोटीत गाडी चढवायची, तळं ओलांडायचं, आणि पलीकडून परत डोंगरातून पुढे. हिवाळ्यात. रात्री मॅच संपल्यावर तेच उलटं. आणि सोमवारी सकाळी भोंगा वाजला की कामावर हजर. कोणी मला सांगितलं की हे लोक पैशासाठी खेळत होते तर मी म्हणेन बाबा रे, तेवढ्या पैशात मी तर तळ्याच्या अलीकडूनच परत फिरलो असतो.

अ‍ॅमॅच्युअरच्या व्याख्येवर परत येतो, कारण १९३० च्या दशकात कॅनडाची हॉकी संघटना स्वतःच वैतागली. मंदीचे दिवस, फुकट खेळून पोट भरत नाही, चांगले प्लेयर इंग्लंडला जाऊन खेळायला लागले. (१९३६ च्या ऑलिंपिकला ग्रेट ब्रिटननं कॅनडाला हरवून गोल्ड घेतलं, आणि त्या ब्रिटिश टीममधले बरेचसे लोक कॅनडातच वाढलेले, हे त्या जखमेवरचं मीठ.) मग संघटनेनं मांडलं की हॉकीच्या जोरावर कुणाला खरीखुरी नोकरी मिळाली तर त्यात गैर काय? मॅचसाठी कामाचा दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी भरून द्यायला काय हरकत? आज आपल्याला वाटेल एवढ्या साध्या गोष्टी, पण तेव्हाच्या सोवळ्या लोकांना हे धर्म बुडाल्यासारखं वाटलं आणि सगळ्या हौशी खेळांची जी वरची युनियन होती तिच्याशी हॉकीवाल्यांचं फाटलं ते फाटलंच. सोवळं पाळणारे बहुतेक घरचे बरे असतात हा माझा जुना अनुभव, ज्याला मजुरी बुडायची भीती नसते त्याला हौस परवडते.

आणखी एक प्रकार होता: एकदा प्रो खेळलेला माणूस अर्ज करून परत हौशी होऊ शकायचा. शेजारच्या ओकनागन खोऱ्यात पेंटिक्टन नावाचं गाव आहे, फळबागांचं. तिथली टीम पेंटिक्टन व्हीज, आणि हे ‘व्ही’ कुठून आले तर तिथे पिकणाऱ्या पीचच्या तीन जातींच्या नावांवरून, व्हॅलियंट, व्हेडेट आणि व्हेटरन. म्हणजे आपल्याकडे देवगडच्या टीमनं स्वतःला ‘हापूस इलेव्हन’ म्हणावं तसं. या टीमचा खेळाडू-कोच ग्रँट वॉरविक, जो १९४२ साली एनएचएलचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला होता! आणि आता तो हौशी. बरोबर त्याचे दोन भाऊ, बिल आणि डिक. १९५४ ला सोव्हिएत युनियन पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपला उतरलं आणि त्यांनी कॅनडाच्या टोरंटोकडच्या क्लबला ७-२ असं धुतलं होतं, देशभर रडारड झाली होती, आणि पुढच्या वर्षी हे पीचवाले गेले पश्चिम जर्मनीत क्रेफेल्डला आणि त्याच सोव्हिएत टीमला ५-० हरवून आले. फॉस्टर ह्युइट नावाचा कॅनडाचा सगळ्यात प्रसिद्ध कॉमेंटेटर खास तिकडे गेला आणि रेडिओवरून ती मॅच घरोघरी ऐकली गेली.

ही टीम आपल्या लीगमधली नव्हती, शेजारची होती, पण यावरून एक कळतं की या डोंगराळ कोपऱ्यातल्या हॉकीचा दर्जा काय होता. आणि त्याचं कारण साधं गणित आहे. १९४२ पासून १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये टीम होत्या फक्त सहा. सहा टीम म्हणजे अख्ख्या खंडात मिळून शंभर-सव्वाशे जागा. कॅनडासारख्या देशात जिथे पोरगं चालायला लागलं की स्केट घालतं, तिथे एकशे पन्नासावा, दोनशेवा, तीनशेवा प्लेयर काय कमी असणार? पण त्याला जागा नाही. मग तो खालच्या प्रो लीगमध्ये थोड्या पैशात बसनं फिरत राहणार, किंवा ट्रेलला येऊन पक्की नोकरी, घर, पेन्शन आणि शनिवारची मॅच असं आयुष्य निवडणार. खूप जणांनी दुसरं निवडलं. तो काही मूर्खपणा नव्हता, उलट एनएचएलमध्ये तेव्हा पगार असे काही डोळे दिपवणारे नव्हते आणि दुखापत झाली की घरी बसा.

लीगचा औपचारिक अवतार १९४६ चा, युद्ध संपल्यावरचा, पण वर म्हटलं तसं खेळ त्याच्या कितीतरी आधीचा. नेल्सन गावाचं एक सांगायलाच पाहिजे. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे दोन भाऊ, यांचं घराणं नेल्सनला लाकडाच्या धंद्यात होतं. १९११ मध्ये त्यांनी धंदा विकला आणि त्या पैशातून व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियाला कृत्रिम बर्फाच्या रिंक बांधल्या आणि स्वतःची प्रो लीग सुरू केली. आजच्या हॉकीतले कितीतरी नियम या भावांच्या डोक्यातून आलेत. म्हणजे प्रो हॉकीला पश्चिमेकडे आणणारा पैसा कुटनीच्या जंगलातून आला, आणि तीच गावं पुढे हौशी हॉकीचा गड झाली.

१९३६ चा अ‍ॅलन कप किंबर्लीनं घेतला, १९३७ ला लंडनला जाऊन एकही मॅच न हरता वर्ल्ड चॅम्पियन. १९३८ चा कप ट्रेलनं घेतला, १९३९ ला स्वित्झर्लंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, आठच्या आठ मॅच जिंकल्या आणि आठ मॅचमध्ये मिळून गोली, म्हणजे गोलकीपर, ड्यूक स्कोडेलारोच्या मागे पक (चेंडूच्या जागी असते ती रबराची वडी) गेला एकदाच. एकदा! त्यानंतर सहा-सात महिन्यांत महायुद्ध. आणि त्या युद्धात ट्रेलच्याच कारखान्यात जड पाणी बनवायचा गुप्त प्लँट उभा राहिला, अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पासाठी. एवढ्याशा गावाच्या वाट्याला किती इतिहास यावा याला काही मर्यादा?

आता १९६१. खरं तर मला हे सगळ्यात आधी सांगायचं होतं, मुद्दाम मागे ठेवलं.

१९६० च्या अ‍ॅलन कपची फायनल ट्रेल हरलं, ओंटारियोच्या चॅटम मरून्सकडून. पण चॅटमचं वर्ल्डला जाणं काही जमलं नाही, आणि रनर-अप म्हणून ट्रेलला बोलावणं आलं. खेळाडू-कोच बॉबी क्रॉम, कडक माणूस. दोन-तीन बाहेरचे चांगले प्लेयर जोडून घेतले, ते चालायचं. युरोपभर आधी एकामागून एक फ्रेंडली मॅच, आणि तिकडचे पेपर म्हणतायत की ही आडदांड खेडवळ माणसं आहेत. मग जिनिव्हा आणि लोझानला टूर्नामेंट. चेकोस्लोव्हाकियाशी १-१ बरोबरी झाली, बाकी सगळे जिंकले, आणि १२ मार्चला शेवटची मॅच सोव्हिएत युनियनशी. पॉइंट सारखे झाले तर गोलफरकावर ठरणार, त्यामुळे नुसतं जिंकून भागणार नव्हतं, दणकून जिंकायला पाहिजे होतं, नाहीतर चेक लोक वरच्या वर गोल्ड घेऊन जाणार. मॅच संपत आली तेव्हा रशियन लोकांनी एक गोल परत केला, ४-१. आणि मग नॉर्म लेनार्डननं पाचवा मारला. ५-१. ट्रेल वर्ल्ड चॅम्पियन, बावीस वर्षांनी परत.

गोलपोस्टमध्ये कोण होता? सेथ मार्टिन. रॉसलंडमध्ये जन्मलेला, पेशानं फायरमन. त्या टूर्नामेंटचा बेस्ट गोली तोच ठरला, आणि पुढे १९६३, १९६४ आणि १९६६ ला पण. फायबरग्लासचे मास्क स्वतः बनवायचा, त्या काळी जेव्हा बहुतेक गोली उघड्या तोंडानं पकसमोर उभे राहत होते (पकचं रबर गोठवलेलं, दगडासारखं कडक, विचार करा). सोव्हिएत युनियनमध्ये या माणसाला एवढा मान होता की तिथल्या गोल्यांनी त्याचं बघून शिकावं. आणि घरी? घरी ड्युटी. १९६७ ला एनएचएल सहावरून बारा टीमची झाली तेव्हा सेंट लुईस ब्लूजनं त्याला बोलावलं, एक सीझन तो महान ग्लेन हॉलच्या जोडीनं खेळला, टीम फायनलला गेली, आणि मग सेथ मार्टिन परत ट्रेलला आला. का? तर नोकरीतली पेन्शन जाईल म्हणून! मला ही गोष्ट वाचून हसू पण आलं आणि आमच्या घरातले दोन काका पण आठवले. चौतीस वर्षांचा माणूस, दोन पोस्टच्या मधलं काही वर्षांचं ग्लॅमर की आयुष्यभराची पेन्शन, त्यानं हिशोब केला आणि तो बरोबरच होता.

१९६२ चा अ‍ॅलन कप ट्रेलनं जिंकला, म्हणून १९६३ ला परत तेच स्टॉकहोमला गेले. चौथे आले. आणि तिथे क्लब पाठवायची पद्धत संपली. कारण समोरच्याचा खेळ बदलला होता. सोव्हिएत प्लेयर पण कागदावर हौशीच, आर्मीचे अधिकारी, पण सैन्यात ते वर्षाचे अकरा महिने करायचे काय तर हॉकी. सगळे एकत्र राहणार, एकत्र सराव करणार. त्यांच्यापुढे शिफ्ट संपवून रिंकवर येणारी माणसं किती वर्षं टिकणार? फादर डेव्हिड बाउर नावाच्या पाद्र्यानं मग कॉलेजच्या पोरांची कायमची नॅशनल टीम बांधली, १९६४ ला इन्सब्रुकला तीच गेली. पुढे कॅनडानं ‘हे रशियन कसले हौशी, हे तर सरकारी पगारी प्रोफेशनल’ म्हणून भांडून १९७० पासून काही वर्षं वर्ल्ड चॅम्पियनशिपला जायचंच बंद केलं. तक्रार खरी होती. पण मला यातला विनोद सोडवत नाही, कारण ट्रेलची भट्टी आणि मॉस्कोची आर्मी यांची युक्ती एकच, नोकरी दाखवायची आणि खेळ करून घ्यायचा, फरक फक्त ट्रेलवाल्यांना ती नोकरी खरोखर करावी पण लागायची. त्यानंतर कॅनडाला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मिळालं थेट १९९४ मध्ये, आणि तेव्हाची टीम एनएचएलच्या प्रोफेशनल लोकांची.

लीग मात्र १९६३ ला मेली नाही. हे बरेच लोक विसरतात. उलट स्पोकेनवाल्यांनी तर त्यानंतरच कमाल केली, म्हणजे अमेरिकेतल्या गावानं कॅनडाचा अ‍ॅलन कप १९७०, १९७२, १९७६ आणि १९८० असा चार वेळा उचलून नेला. किंबर्लीनं १९७८ ला परत जिंकला, क्रॅनब्रुकनं १९८२ ला. पण आतून हवा जात होती. एकतर टीव्ही, १९५२ पासून शनिवारी रात्री एनएचएल घरात यायला लागली आणि उणे पंधरामध्ये लाकडी बाकावर बसायला माणसं कमी झाली. मग एनएचएल वाढली, १९७२ ला तिची स्पर्धक डब्ल्यूएचए आली (आपला बॉबी क्रॉम तिथेच विनिपेग जेट्सचा कोच झाला आणि १९७६ ला त्यांना त्या लीगचा कप जिंकून दिला), म्हणजे शंभर-सव्वाशे जागांच्या पाचशेच्या वर जागा झाल्या, आणि जो दोनशेवा प्लेयर पूर्वी ट्रेलला यायचा तो आता प्रोफेशनल झाला. शिवाय कारखान्यात यंत्रं आली, माणसं कमी लागायला लागली, आणि कुठला मॅनेजर ‘हा डावा विंगर बरा आहे, याला घ्या’ म्हणून भरती करणार? ज्या कोट्यावर सगळं उभं होतं तोच बंद. आपल्याकडे मुंबईत गिरण्या गेल्यावर गिरणगावातल्या खेळाच्या मंडळांचं जे झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं काय सांगू. स्पोकेनमध्ये १९८५ ला मोठ्या ज्युनियर लीगची टीम आली आणि प्रेक्षक तिकडे गेले. त्याच दशकाच्या शेवटाला लीग गुंडाळली गेली.

किंबर्लीची सलिव्हन खाण २००१ मध्ये बंद झाली, तिकडे आता स्कीइंगला येणारे टूरिस्ट. ट्रेलची भट्टी चालू आहे, मालक कंपनीचं नाव आता टेक. धुरातलं गंधक त्यांनी खटल्याच्या काळातच पकडायला सुरुवात केली होती आणि त्याचं खत बनवून विकलं. त्या धुरात वाढलेला रे फेरारो एनएचएलमध्ये गेला आणि चारशेहून जास्त गोल मारून आला, १९६१ च्या टीममधल्या अ‍ॅडी टँबेलिनीचा मुलगा स्टीव्ह पण एनएचएल खेळला.

नावं अजून आहेत. ट्रेल स्मोक ईटर्स आज ज्युनियर टीम आहे, किंबर्ली डायनामायटर्स पण ज्युनियर, नेल्सन लीफ्स पण. सगळी सोळा ते वीस वयाची पोरं, बरीचशी दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या प्रांतांतून आलेली, कुणाच्या तरी घरी राहून खेळणारी, एखाद्या कॉलेजची स्कॉलरशिप मिळते का बघणारी. दोन-तीन सीझन झाले की निघून जातात. ट्रेलची रिंक १९४९ ची, अजून तीच, आणि नाव पण तेच, कोमिन्को अरीना.